सूप आपले, भोपळा परका!

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक चालू होती. आरतीच्या पाळ्या, मुलांच्या स्पर्धा, वर्गणीचा हिशेब असे विषय संपले आणि खाद्यजत्रेचा विषय निघाला. कोणी साबुदाणा वडा घेतला, कोणी मिसळ, कोणी बटाटेवडा. आमच्या घरून 'भाजलेल्या लाल भोपळ्याचे सूप' असे नाव लिहून दिले होते. यादी वाचली जात असताना मंडळातील एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "अहो, बाप्पाच्या उत्सवात ही परदेशी थेरं कशाला? सूप पाखडायचं असतं, प्यायचं नसतं!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. ज्या देवाला सुपासारख्या कानांमुळे शूर्पकर्ण म्हणतात, त्याच्या उत्सवात हा विनोद शोभूनही दिसला. पण घरी आल्यावर काकूंचे शब्द मनातून जाईनात. या पदार्थात परदेशी नेमके काय आहे? सूप की भोपळा? आणि यादीतले बाकीचे पदार्थ तरी किती देशी? हे शोधायला म्हणून आम्ही वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते काकूंच्या आणि आमच्याही समजुतीच्या अगदी उलटे निघाले. तेच या लेखात वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुपाची कुळकथा

मराठीत सूप म्हटले की धान्य पाखडायचे सूप डोळ्यांपुढे येते. हा शब्द संस्कृत 'शूर्प'पासून आला. पण संस्कृतात 'सूप' असा दुसरा स्वतंत्र शब्दही आहे. त्याचा अर्थ डाळीचे वरण, कढण, पातळ कालवण. स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणत आणि स्वयंपाकाच्या विद्येला 'सूपशास्त्र'. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे पाककृतींचे मराठी पुस्तक छापून निघाले, त्याचे नावच मुळी 'सूपशास्त्र' होते. म्हणजे आपल्या पणज्या ज्या पुस्तकावरून पदार्थ शिकल्या असतील त्याच्या मुखपृष्ठावरच सूप होते!

इंग्रजी सूपशी या शब्दाचे रक्ताचे नाते नाही. तो शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी रश्श्यात भिजवलेला पावाचा तुकडा असा अर्थ आहे. दोन्ही शब्द आवाजाला आणि अर्थाला जवळ आले हा योगायोग. पण एवढे मात्र खरे, की वाटीत घेऊन प्यायच्या गरम पातळ पदार्थाला सूप म्हटले तर आपण कोणाची उसनवारी करत नाही. सार, कढण, आमटी, कट ही सगळी सुपाचीच भावंडे आहेत.

तेव्हा सूप आपले ठरले. आता भोपळ्याकडे वळू.

नाव बदललेला पाहुणा

भोपळा मराठी माणसाच्या बोलण्यात किती मुरला आहे पाहा. गणितात शून्य मिळाले की भोपळा मिळाला. समजूत खोटी ठरली की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचे पटत नसेल तर विळ्या-भोपळ्याचे नाते. थोडे देऊन खूप काढून घेणारा आवळा देऊन कोहळा काढतो. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला चुकवून भोपळ्यात बसून परत येते, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरातले मूल मोठे होत नाही. इतका घरचा असलेला भोपळा परका कसा असेल?

याचे उत्तर असे, की 'भोपळा' हा शब्द जुना आहे, पण 'लाल भोपळा' हे फळ नवे आहे. जुना भोपळा म्हणजे दुध्या भोपळा. त्याचे मूळ आफ्रिकेत, पण तो फार प्राचीन काळापासून आपल्याकडे आहे. तो वाळवून बैराग्याचा तुंबा झाला, तंबोऱ्याचा आणि सतारीचा भोपळा झाला. मिरजेचे कारागीर आजही त्याच्यावरच तंबोरे घडवतात. नदीकाठच्या गावांत वाळलेला भोपळा पाठीला बांधून मुले पोहायला शिकत. दुसरा जुना सोबती म्हणजे कोहळा, संस्कृतातला कूष्मांड. आयुर्वेदातला कूष्मांडावलेह त्याचाच, आग्ऱ्याचा पेठाही त्याचाच. वास्तुशांतीला दारावर बांधतात तोही तोच.

केशरी गराचा लाल भोपळा या दोघांच्या कितीतरी नंतर आला, तो अमेरिका खंडातून. पोर्तुगीज १४९८ साली समुद्रमार्गे भारतात आले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतला. पुढच्या काळात त्यांच्या जहाजांच्या वाटेने अमेरिकेतली कितीतरी पिके आपल्याकडे उतरली. त्यांतल्या काहींनी आपले नाव सोबत आणले. बटाटा, अननस, काजू, पपई हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांच्या तोंडून मिळाले. पण काही पाहुण्यांनी इथल्या यजमानांचेच नाव घेतले. काळ्या मिरीसारखी तिखट म्हणून ती मिरची. मुगासारखा दाणा, पण जमिनीखाली लागतो म्हणून तो भुईमूग. आणि भोपळ्यासारखा वेल, भोपळ्यासारखे फळ, पण आतून लाल, म्हणून लाल भोपळा. कुठे त्यालाच तांबडा भोपळा म्हणतात, कुठे डांगर, कुठे काशीफळ किंवा गंगाफळ. काशी आणि गंगा ही नावे लागल्यावर तो परदेशी आहे असा संशय तरी कोणाला येणार?

भारतभर हीच युक्ती झालेली दिसते. बेळगावकडच्या आमच्या नातेवाइकांना कानडीतला 'सिही कुंबळ' म्हणजे गोड कोहळा ओळखीचा आहे. खरा कोहळा तिकडे 'बूदु कुंबळ', म्हणजे राखाडी कोहळा. बंगालीत लाल भोपळा 'मिष्टी कुमडो' झाला आणि हा कुमडो म्हणजे कूष्मांडच. दिल्लीकडे त्याला चक्क सीताफल म्हणतात. तिथे नव्याने गेलेला मराठी माणूस सीताफळ मागतो आणि त्याच्या पिशवीत भोपळ्याची फोड येते. गंमत म्हणजे आपले सीताफळही मूळचे अमेरिकेचेच!

हा नावांचा घोळ आम्ही बडोदेकरांनी स्वतः अनुभवला आहे. कूष्मांडापासून मराठीत कोहळा झाला आणि गुजरातीत कोळुं. शब्द एकच, पण मराठीत तो जुन्या फळाकडे राहिला आणि गुजरातीत नव्या फळाकडे गेला. आमच्या घराच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आम्ही खंडेराव मार्केटात जाऊन मोठ्या ऐटीत "एक मोटुं कोळुं आपो" असे म्हटले. भाजीवाल्याने चांगले सहा किलोचे फळ काढून दिले. घरी येऊन पिशवी उघडली तर आत लाल भोपळा! गुरुजी कपाळाला हात लावून बसले. 'भूरुं कोळुं' म्हणायला हवे होते, हे दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या गुजराती सहकाऱ्याने सांगितले. तोपर्यंत शेजारपाजारच्या चार घरी भोपळ्याचे घारगे पोचले होते.

मूळ गाव

या भोपळ्याचे मूळ गाव पाहायचे तर मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात जावे लागते. तिथल्या गिला नाकित्झ नावाच्या गुहेत भोपळ्याच्या कुळातल्या बिया आणि देठ सापडले आहेत. त्यांतले सर्वात जुने सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे असून ते माणसाने लावलेल्या वेलांचे आहेत. म्हणजे अमेरिकेत मक्याचे पीक निघण्याच्याही आधी तिथला माणूस भोपळा लावत होता. रानटी भोपळ्याचा गर कडू असतो. त्यामुळे सुरुवातीला लोकांना मोल होते ते बियांचे. पिढ्यानपिढ्या कमी कडू फळांच्या बिया राखून ठेवत माणसाने त्याला गोड केले. आजही एखादा दुधी किंवा भोपळा चाखल्यावर कडू लागला तर तो सरळ टाकून द्यावा असे घरातली मोठी माणसे सांगतात. त्या सांगण्यामागे हे जुने विष आहे.

पुढे मका, घेवड्याच्या कुळातल्या शेंगा आणि भोपळा ही तिथल्या मूळ रहिवाशांची जोडशेती झाली. उत्तरेकडच्या जमाती या तिघींना तीन बहिणी म्हणत. मक्याच्या ताटावर शेंगेचा वेल चढतो, शेंगेची मुळे जमिनीत नत्र घालतात, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवतात. नांगर नाही, बैल नाही. त्या खंडात तेव्हा बैल नव्हतेच.

कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर भोपळा युरोपात किती वेगाने पसरला याचा पुरावा चित्रांत आहे. रोमच्या व्हिला फार्नेसिना या वाड्यात १५१५ ते १५१८ या काळात जोव्हान्नी दा उदिने या चित्रकाराने छताला फळाफुलांची तोरणे रंगवली. त्या तोरणांत अमेरिकेतले भोपळे स्पष्ट ओळखू येतात. आपण मखराला फळे टांगतो, तशीच त्याने ती टांगली आहेत. जुन्या जगात येऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हा पाहुणा देवदेवतांच्या चित्रांत जाऊन बसला होता.

आता ज्या सुपामुळे हा लेख सुरू झाला त्याची गोष्ट. परदेशात राहणारी आपली मुले व्हिडिओ कॉलवर 'बटरनट स्क्वॉश' या फळाचे सूप दाखवतात. नाव ऐकून ते काही वेगळेच फळ वाटते. हा बटरनट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४० च्या दशकात तयार झाला, आणि १९७० मध्ये त्याची 'वॉल्थम' ही सुधारित जात आली. पण वनस्पतिशास्त्राच्या वहीत पाहिले तर त्याचे नाव 'कुकुर्बिटा मोशाटा' आहे. आपल्या बाजारात फोडी करून विकला जाणारा लाल भोपळाही बहुतेक त्याच जातीचा आहे! म्हणजे ज्या फळासाठी मोठ्या शहरांतल्या दुकानांत दामदुप्पट पैसे मोजावे लागतात, त्याचा सख्खा भाऊ आपल्या भाजीवाल्याच्या गाडीवर उन्हात बसलेला असतो.

एका वाटीचे स्वातंत्र्य

भोपळ्याच्या सुपाला इतिहासात मानाचे पान आहे, ते हैती या छोट्या देशात. अठराव्या शतकात तिथे फ्रान्सची सेंट-डोमिंग नावाची वसाहत होती. ऊस आणि कॉफी यांच्या जोरावर ती जगातल्या सर्वात श्रीमंत वसाहतींत गणली जाई. ती श्रीमंती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर उभी होती. हैतीत पिढ्यानपिढ्या असे सांगत आले आहेत, की मालकांच्या टेबलावर जाणारे भोपळ्याचे सूप गुलामच रांधत, पण ते चाखायची त्यांना मनाई होती. भोपळा त्यांनीच लावायचा, त्यांनीच चिरायचा, त्यांनीच ढवळायचा आणि वास घेऊन बाजूला व्हायचे.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये या गुलामांनी उठाव केला. तूसँ लूव्हेर्त्यूर हा त्यांचा नेता पुढे फ्रेंचांच्या हाती लागला आणि १८०३ मध्ये फ्रान्सच्या एका थंड किल्ल्यात कैदेत वारला. पण लढा थांबला नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईत नेपोलियनने पाठवलेल्या सैन्याचा पराभव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह गावी झां-झाक देसालिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी उठाव करून स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र उभे केल्याचे हे इतिहासातले ठळक उदाहरण आहे.

त्या दिवशी लोकांनी काय केले? परंपरा सांगते, की त्यांनी सूप केले. देसालिन यांच्या पत्नी मारी-क्लेर ह्यूरूझ यांनी ते सर्वांना वाढण्यात पुढाकार घेतला असे मानतात. तेव्हापासून दर १ जानेवारीला हैतीच्या घराघरांत 'सूप जूमू' शिजते. त्यात भोपळ्याबरोबर केळी, कोबी, गाजर, मांस असे बरेच काही असते. मोठ्या पातेल्यात ते करतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने सूप जूमूला मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

या स्वातंत्र्याची किंमतही हैतीला मोजावी लागली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँकची मागणी केली. त्या 'नुकसानी'त मोकळी झालेली माणसेही धरली होती. म्हणजे स्वतःची सुटका झाल्याबद्दल त्या माणसांच्या मुलाबाळांनी भरपाई भरायची! ते कर्ज त्या गरीब देशाने पिढ्यानपिढ्या फेडले. पण सूप मात्र त्यांच्याकडून कोणी परत घेऊ शकले नाही.

आपल्या शहरातली मनाई

हैतीची ही गोष्ट वाचून आम्ही हळहळलो. मग लक्षात आले, की मनाईच्या गोष्टी शोधायला इतक्या लांब जायची गरज नाही.

आपल्या बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर एक तरुण १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. करारानुसार तो १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. पिण्याच्या पाण्याचीही त्यांना अडचण होती. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. त्या दिवशी ते आजच्या सयाजीबागेत झाडाखाली जाऊन बसले. २३ सप्टेंबर हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळला जातो आणि त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत. दुपारी एक वाजता आमच्या कचेरीत सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडतात. कोणाची भाकरी कोणाच्या भाजीबरोबर जाते हे कोणी बघत नाही. आम्ही वीस वर्षे हे असेच चालत आलेले पाहिले, म्हणून ते कायमचेच असावे असे वाटत होते. याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याला पेलाभर पाणी मिळत नव्हते, हे शाळेत वाचले होते, पण डब्याशी जोडून कधी पाहिले नव्हते. भोपळ्याच्या निमित्ताने ते पाहिले. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो कोणाला वाढला जातो आणि कोणाला वाढला जात नाही, हा प्रश्न मोठा आहे असे तेव्हापासून वाटू लागले.

ऋषिपंचमीचे पान

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम. नांगराशिवाय उगवलेले, परसातले, कुंपणावरचे तेवढेच चालते. आमच्या शेजारच्या गुजराती घरांत या दिवसाला सामा पाचम म्हणतात आणि सामो शिजतो. आपल्याकडे मिसळीची भाजी होते. अळू, सुरण, माठ, पडवळ, भेंडी, काकडी, आणि त्यांच्या जोडीला लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, हिरवी मिरची.

यातली शेवटची तिन्ही अमेरिकेची! ज्या मातीत बैलच नव्हता त्या मातीतून आलेला भोपळा बैलाला विश्रांती देणाऱ्या व्रतात येऊन बसला. याहून योग्य जागा त्याला कुठे मिळाली असती? उकिरड्याच्या कडेला बी पडले तरी वेल मांडवावर जातो. नांगरट लागत नाही, म्हणून व्रताच्या नेमात तो सहज बसला असावा असे आम्हाला वाटते. उपवासाचेही तेच. धान्य वर्ज्य, आणि बटाटा, रताळे, शेंगदाणे, साबुदाणा, भोपळा यांपैकी एकही धान्य नाही. साबुदाणाही आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. तेव्हा काकूंनी मान्य केलेला साबुदाणा वडा भोपळ्याच्या सुपापेक्षा जास्त परदेशी ठरतो.

हे चेष्टेने लिहिले तरी त्यात मनाला लागणारे काही आहे. आपली घराणी गायकवाडांच्या मागे या शहरात आली त्याला तीनशे वर्षे होत आली. कोणी नंतर नोकरीसाठी आले. काही आडनावे बटाट्यासारखी जशीच्या तशी राहिली. बोलण्यात मात्र 'चालशे' आणि 'केम छो' आले. पुण्याचे पाहुणे आम्हाला गुजराती म्हणतात आणि इथले शेजारी मराठी म्हणतात. आमची मुले कधी विचारतात, की आपण नक्की कुठले? त्यांना आता आम्ही लाल भोपळ्याकडे बोट दाखवतो. जिथे रुजला, जिथल्या पानात वाढला गेला, तिथला तो.

घरी करायची रीत

आता ज्यावरून एवढे रामायण झाले ते सूप. सहा जणांसाठी एक किलोची जड, गडद केशरी गराची फोड घ्यावी. बिया काढून धुऊन वाळवाव्यात, भाजून खाता येतात. सालीसकट मोठे तुकडे करून त्यांना तूप किंवा तेल आणि मीठ चोळावे. ओव्हन असेल तर २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत भाजावे. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी कढईत झाकण ठेवून मंद आचेवर भाजावे, मधून मधून उलटावे, आणि शेवटी झाकण काढून पाणी आटू द्यावे.

भाजणे हीच यातली खरी कृती आहे. भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. कुकरमध्ये शिजवला तर ते पाणी तिथेच राहते आणि सूप मिळमिळीत होते. भाजल्यावर पाणी उडते, गोडी एकवटते आणि कडा तांबूस होऊन वांग्याच्या भरतासारखा खमंगपणा येतो. ज्यांना हे सूप बेचव लागले त्यांनी बहुधा भोपळा उकडलेला असतो.

भाजलेला गर चमच्याने सालीपासून सोडवावा. एक चमचा तुपात अर्धा चमचा जिरे आणि इंचभर आले परतावे. गर, आले-जिरे आणि तीन वाट्या गरम पाणी मिक्सरमधून गुळगुळीत करून गाळून घ्यावे. पातेल्यात मंद उकळी आणावी. आच बंद करून अर्धी वाटी नारळाचे दूध किंवा थोडी साय घालावी. नंतर उकळू नये, फाटते. वरून ताजी मिरपूड आणि नखभर जायफळ. गणपतीचे दिवस असल्याने कांदा-लसूण आम्ही घालत नाही. एरवी भोपळ्याबरोबरच दोन कांदे आणि चार लसूणपाकळ्या भाजाव्यात.

दाटपणासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही, गर पुरेसा असतो. तूप मात्र वगळू नये. भोपळ्याला केशरी रंग देणारे कॅरोटीन शरीरात स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते.

शेवटी काय झाले

खाद्यजत्रेच्या दिवशी आम्ही पाटीवर 'सूप' खोडून 'भाजलेल्या भोपळ्याचे सार' असे लिहिले. ही माघार नव्हती. भोपळ्याला जे जमले ते सुपालाही जमावे, एवढाच हेतू होता. काकू आल्या, पाटी वाचली आणि वाटी घेतली. एक घोट घेऊन म्हणाल्या, "भरीतासारखं लागतंय. पण जिरं थोडं जास्त हवं." मग त्यांनी दुसरी वाटी मागितली, ती मांडवाबाहेर ताशा वाजवून दमलेल्या मुलांपैकी एकासाठी. त्याच्यामागून बाकीची मुलेही आली. कोण कुठला हे कोणी विचारले नाही. पातेले अर्ध्या तासात रिकामे झाले.

यंदाही सार आहे. जिरे जास्त घातले आहे. आणि ऋषिपंचमीला विळीवर भोपळा चिरताना, त्याने किती लांबचा प्रवास केला आणि किती जणांनी त्याची एक वाटी मिळावी म्हणून किती सोसले, याची क्षणभर आठवण ठेवावी, एवढीच वाचकांना विनंती.

गणपती बाप्पा मोरया!